साखरेच्या पाण्यातलं पान

दोन ओळींची एक टीप लिहायला बसले होते. तीत वहीद सरांचं नाव यायचं होतं, आणि नावाशीच पेन अडकलं. ज्या माणसाचा आपण आयुष्यभर हेवा केला त्याला दोन ओळींत बसवणं जमत नाही, असं दिसतं.

हेवा करावा असं त्यांच्याकडे कागदावर काही नव्हतं. दिग्रसच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या विभागात तेव्हा दीड माणूस होता. एक मी, कायम नोकरीतली, विभागप्रमुख. अर्धे वहीद सर, तासिका तत्त्वावरचे. तासिका तत्त्वावर म्हणजे घेतलेल्या तासापुरतं मानधन आणि दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत. माझ्या टेबलाला खण होते, त्यांना टेबल नव्हतं. त्यांचं सगळं सामान शर्टाच्या खिशात मावायचं. एक काड्यापेटी, तिच्यात कागदात गुंडाळलेलं दाढीचं अर्धं पातं.

त्या अर्ध्या पात्यानं मला फार छळलं.

पानाच्या आत काय आहे ते पाहायचं तर त्याचा आडवा काप घ्यावा लागतो, इतका पातळ की त्यातून उजेड पलीकडे जावा. आम्ही त्याला सेक्शन म्हणतो. पान लिबलिबीत असतं, म्हणून ते बटाट्याच्या फोडीत धरून कापायचं. वहीद सर पहिल्याच दिवशी बटाट्याऐवजी गाजर घेऊन आले. गाजर मधोमध चिरलं, त्यात पान ठेवलं, काड्यापेटीतून पातं काढलं आणि चार-पाच वेळा नुसता हात ओढल्यासारखं केलं. मग पात्यावरचे काप पाणी घातलेल्या खोलगट काचेत सोडले. मला पाण्यात काहीच दिसेना. म्हटलं, पडले की काय? त्यांनी कुंचल्यानं एक उचलला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पेशींचा एकच थर, एकही फाटलेली नाही.

माझे काप एका बाजूनं पातळ आणि दुसऱ्या बाजूनं जाड यायचे. चाळीस काढले की एक बरा निघे, तो मी मुलांना दाखवी आणि बाकीचे एकोणचाळीस बेसिनमध्ये सोडी.

"कुठं शिकलात हे?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता.

"शिकलो नाई जी. अब्बा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. ते म्हणत, पातं दाबू नोको, ओढ. दाबलं की ते चिडते."

एवढं बोलून त्यांनी उरलेलं गाजर धुतलं आणि खाऊन टाकलं. प्रॅक्टिकल संपलं की गाजर खायचं, हा त्यांचा नेम शेवटपर्यंत टिकला.

त्या संध्याकाळी मी बाजारातून एक किलो गाजरं आणली आणि दार लावून कापत बसले. ह्यांनी दारावर टकटक करून विचारलं, "हलवा का?" मी हो म्हटलं. हलवा चांगला झाला. सेक्शन एकही झाला नाही.

त्यांची दुसरी सवय म्हणजे कुठलंही पान हातात आलं की आधी खिडकीशी जाऊन ते उजेडासमोर धरायचं. बेलाचं किंवा संत्र्याचं पान असं धरलं की त्यात सुईनं टोचल्यासारखे बारीक चमकते ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे तेलानं भरलेली एक पोकळी. पान चुरगाळल्यावर येणारा वास तिथला. पुस्तकात त्यांना स्रावी ग्रंथी म्हणतात, आणि त्यांचा विकास हा माझ्या पीएच.डी.चा विषय. वहीद सर त्यांना दिवे म्हणत.

"याच्यात अजून दिवे नाई लागले," नखाएवढं कोवळं पान पाहत ते म्हणत. किंवा, "याचे आता लागून राह्यले."

मुलांना 'स्रावी ग्रंथी' मी दोन तास शिकवलं तरी पाठ होत नसे. 'दिवे' एका मिनिटात पाठ झालं. परीक्षेच्या पेपरात एका पोरानं खरोखरच 'पानातील दिवे' असं लिहिलं, तेव्हा मी त्याचा अर्धा गुण कापला. गुण कापताना मला जो आनंद झाला तो त्या पोराशी संबंधित नव्हता.

कपाशीच्या पानाचं प्रॅक्टिकल तर मी विसरूच शकत नाही. आमची बहुतेक मुलं कापसाच्या शेतातली. दोन गट केले होते, एक माझा, एक त्यांचा. मी फळ्यावर आकृती काढली आणि नावं लिहिली. तिकडे वहीद सरांनी प्रत्येकाच्या हातात एक पान दिलं आणि विचारलं, "हे काळे तीळ कायचे आहे रे?"

"ते असतेतच, सर," एक मुलगा म्हणाला.

"असतेत, पन कायले असतेत? लहानपणापासून पाहून राह्यले ना तुम्ही? कधी इचारलं नाई पानाले?"

मग त्यांनी सांगितलं, की त्या प्रत्येक तिळात कडू विष भरलेलं असतं, किड्यानं चावा घेतला की त्याच्या तोंडात फुटतं. सरकीतही तेच, म्हणून ती कोंबड्यांना फार चारू नये. आणि तो तीळ तयार कसा होतो, तर पान कोवळं असताना तिथल्या मधल्या पेशी स्वतःच विरघळतात, त्यांच्या जागी पोकळी होते, तिथं हे विष साठतं. "मंजे स्वतः मरतेत?" एका मुलीनं विचारलं. "हाव. पान वाचलं पाह्यजे म्हणून." तोवर माझा गट निम्मा त्यांच्या टेबलाभोवती गेला होता. उरलेले माझ्या तोंडाकडे पाहून बसले होते, पण कान तिकडे होते. माझेही.

देवळातला प्रकार सांगितला तर हसाल. प्रबंधासाठी मला बेलाचे अगदी कोवळे शेंडे लागत. महादेवाच्या देवळामागे जुना बेल आहे. मी सोमवार धरणारी बाई, तिथल्या पुजारी महाराजांना दर सोमवारी नमस्कार करणारी. चैत्रात बेलाला नवी पालवी फुटली की मी पिशवी घेऊन जाई, आणि महाराज म्हणत, "शेंडे तं वहीद सर घेऊन गेले जी सकाळी. पूजेले ते कामाचे नसतेत, म्हणून मीच काढून ठेवतो त्यायच्यासाठी." एकदा मी चिडून म्हटलं, "महाराज, ते माझ्याच कामाचे असतात." महाराज म्हणाले, "मंग त्यायले सांगत जा ना. तुम्ही तोडता तं फांदी ओरबाडता, ते नखानं खुडतेत." महादेवाच्या दारातसुद्धा माझा नंबर दुसरा होता. आणि ते शेंडे वहीद सर ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याच टेबलावर आणून ठेवत, ही गोष्ट मी तेव्हा हिशेबात धरली नाही.

आता त्या प्रबंधाचं सांगायलाच हवं.

कोवळं पान आतून भरीव असतं, कुठं भोक नाही. तेच पान जून झालं की त्यात तेलाच्या पोकळ्या असतात. मग ही पोकळी आली कुठून? उत्तरं दोन. एक तर कपाशीसारखं, मधल्या पेशी विरघळून मरतात आणि जागा रिकामी होते. किंवा पेशी मरत नाहीत, एकमेकींपासून दूर होतात, आणि मधल्या फटीत तेल सोडतात. बेलात यातलं काय घडतं, हा माझा प्रश्न. सहा वर्षं मी त्यावर काढली. पानं औषधात टिकवली, मेणात बसवली, यंत्रावर कापली. स्लाइडींमागून स्लाइडी केल्या. सगळीकडे पोकळीच्या कडेला फुटक्या पेशींच्या चिंध्या दिसत होत्या. उत्तर स्वच्छ होतं, पेशी विरघळतात. माझे गाइड खूश होते. प्रबंध द्यायला तीन आठवडे राहिले होते.

त्या दिवसांत ईद झाली आणि वहीद सर डब्यात शीरखुर्मा घेऊन आले. मी खात होते. त्यांनी स्वतःच्या वाटीतली एक मनुका चमच्यावर घेतली आणि पाहत बसले.

"मॅडम, ही काहून फुगली?"

"दूध शोषून. पाणी आत गेलं."

"अन् चाशनीत टाकली असती तं?"

"नसती फुगली."

"मंग आपन सेक्शन पाण्यात काहून टाकतो?"

मी हसले. मनुका पाण्यात फुगते आणि साखरेच्या घट्ट पाण्यात फुगत नाही, हा प्रयोग शाळेतल्या पोरांनाही येतो. दर वर्षी तो मीच पहिल्या वर्षाला करून दाखवते. हसता हसता मी चमचा खाली ठेवला. पान टिकवायचं औषधही आम्ही पाण्यातच कालवतो.

पुढचा आठवडाभर त्यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीत चहाचे सात कप मांडून ठेवले होते. पहिल्यात नुसतं पाणी, पुढच्या प्रत्येकात साखर थोडी थोडी जास्त. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. शनिवारी मुलं गेल्यावर ते म्हणाले, "मॅडम, जरा येता का? पाहा, मंग बोला."

पाचव्या कपातला काप होता. बेलाच्या शेंड्याचं सगळ्यात लहान पान. पेशी टपोऱ्या, धडधाकट, आणि त्यांच्या मधोमध केसाएवढी एक फट. त्यांनी दुसरा काप ठेवला, थोड्या मोठ्या पानाचा. फट रुंदावली होती, भोवतीच्या पेशी कमानीसारख्या मागे झुकल्या होत्या. तिसऱ्यात पोकळी पूर्ण झाली होती, आणि तिच्या कडेनं सगळ्या पेशी जिवंत उभ्या होत्या.

"कोनी मेलं नाई, मॅडम," ते हळूच म्हणाले. "सरकले फक्त."

मग त्यांनी शेवटची गोष्ट केली. काचेच्या एका कडेला टिपकागद लावून साखरेचं पाणी शोषून घेतलं आणि दुसऱ्या कडेनं साध्या पाण्याचा थेंब सोडला. मी डोळा लावूनच होते. माझ्या डोळ्यांदेखत त्या पेशी फुगल्या, ताणल्या आणि एकेक करत फुटल्या. पोकळीच्या कडेला चिंध्या लोंबू लागल्या. हुबेहूब माझ्या प्रबंधातला फोटो.

प्रबंध खोटा ठरला याचं मला दुःख झालं असतं तर मी बरी बाई असते. मला वाटलं ते वेगळंच. सहा वर्षं ते पान माझ्यापुढे होतं, मनुका दर वर्षी माझ्या हातात होती, मग हे मला का दिसलं नाही? यालाच का दिसलं? हेव्याचा जाळ म्हणतात ना, तो मी त्या खिडकीशी उभी राहून अनुभवला.

मी म्हटलं, "सर, हे हातानं कापलेले चार काप आहेत. माझ्या शेकडो स्लाइडींपुढे याला कोण विचारतो?"

त्यांनी मायक्रोस्कोपखालची काच काढून घेतली. मग म्हणाले, "पान तुमचं हाये, मॅडम. तुम्ही पाहा." आणि कप विसळायला गेले.

प्रबंध मी होता तसाच दिला. तोंडी परीक्षेत कोणी काही विचारलं नाही. मी डॉक्टर झाले. सत्कारात वहीद सर मागच्या रांगेत होते आणि टाळ्या मनापासून वाजवत होते. मनापासून, हे मी लांबूनही ओळखलं. पुढं मी प्रॅक्टिकलची एक हस्तपुस्तिका लिहिली, ती आजूबाजूच्या बऱ्याच कॉलेजांत चालते. तीत बेलाच्या पानाचा तोच फोटो आहे, आणि खाली लिहिलंय, 'मधल्या पेशी विरघळून पोकळी तयार होते.'

त्यांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. काढला असता तर मी भांडले असते, भांडून मोकळी झाले असते. ते रोज यायचे, गाजर कापायचे, गाजर खायचे. मला वाटायचं, आज बोलतील. स्टाफरूममध्ये ते कुणाशी हसले तरी वाटायचं, सांगितलं वाटतं.

त्यानंतरच्या जूनमध्ये मुलाखती झाल्या. वहीद सरांबरोबर पीएच.डी. झालेला एक उमेदवार होता. प्राचार्यांनी मला विचारलं, "तुमचं काय मत?" मी म्हटलं, "पात्रता ज्याची जास्त, तो घ्यावा." वाक्यात एक शब्द चुकीचा नव्हता. कुणीही तपासून पाहावं. फक्त ते वाक्य मी आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधीच घोकून ठेवलं होतं.

नेमणूक दुसऱ्याची झाली. वहीद सर किल्ल्या परत द्यायला आले तेव्हा मला उगीच मोठेपणा सुचला. म्हटलं, "सर, तुम्हीही पीएच.डी.ला नाव नोंदवा आता. किती दिवस असे राहणार?"

ते हसले. "माझ्याजवळ एकच सवाल होता, मॅडम. तो तुमचा हाये."

जाताना कपाटातल्या सामानाची यादी देऊन गेले, सुवाच्य अक्षरात. शेवटची ओळ होती, 'चहाचे कप सात, धुतलेले.'

ते ढाणकीकडच्या एका कॉलेजात लागले असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. नवीन आलेले सर बटाटा वापरत, त्यांचे काप माझ्यासारखेच एका बाजूनं जाड येत. सुरुवातीला मला फार स्वस्थ वाटलं. मग एका दुपारी उरलेला बटाटा टेबलावर काळा पडताना पाहिला, आणि कारण नसताना त्या सरांवर ओरडले.

यंदा एप्रिलमध्ये प्रॅक्टिकलची बाहेरची परीक्षक म्हणून मला नेमकं तेच कॉलेज आलं. पुसदला गाडी बदलून, उमरखेडवरून घामाघूम होऊन मी पोचले. प्रयोगशाळा एका खोलीची. वहीद सर दारातच होते. दाढी पांढरी झालेली, खिशात काड्यापेटीचा चौकोन.

"या जी, मॅडम. ऊन्ह लागलं असन. आधी पानी प्या."

टेबलावर मुलं बेलाचं पान कापत होती. गाजरात धरून, पातं ओढत. प्रत्येकापुढे एक चहाचा कप. मी कपात बोट बुडवून जिभेला लावलं नाही, गरजच नव्हती.

पहिल्या मुलीला मी विचारलं, "ही पोकळी कशी तयार होते?"

ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "मधल्या पेशी विरघळून पोकळी तयार होते."

माझंच वाक्य. दुसऱ्या मुलाला विचारलं, तेच. तिसऱ्यालाही तेच. मी वह्या उघडल्या. लहान पान, मोठं पान, जून पान, पेन्सिलीनं काढलेल्या तीन तीन आकृत्या. फट, कमान, पोकळी. एकाही वहीत एकही पेशी फुटलेली नव्हती.

मी पहिल्या मुलीकडे परत गेले. "तू काढलंस एक आणि सांगतेस दुसरंच. असं का?"

तिनं बेसिनकडे पाहिलं. वहीद सर पाठमोरे उभे राहून काचा धूत होते.

"सरांनी सांगतलं, मॅडम," ती अगदी हळू म्हणाली. "पुस्तक तुमचंच हाये ना, म्हणून. मॅडम इचारतीन तं पुस्तकातलं सांगजा, त्यायले वाईट नाई वाटलं पाह्यजे. वहीत मातर जे दिसलं तेच काढजा."

मला लाज वाटली. ती वाटायलाच हवी होती, त्यात विशेष काही नाही. पण लाजेच्याही वर तो जुना जाळ भडकला. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस माझी अब्रू राखत होता, आणि तेही मला न कळता! हात त्याचा चांगला, डोळा त्याचा चांगला, ते मी कसंबसं गिळलं होतं. आता मनानंही तो पुढेच निघाला. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवायचं की नाही?

"पुस्तक चुकलंय," मी म्हटलं. आवाज जरा मोठा निघाला, सगळी मुलं थांबली. "पेशी विरघळत नाहीत. सरकतात. तुमच्या सरांनी हे मला माझा प्रबंध देण्याआधी दाखवलं होतं."

बेसिनचा नळ बंद झाला. ते वळले नाहीत.

त्या मुलीनं विचारलं, "मंग पुस्तकात काहून नाई लिवलं, मॅडम?"

पोरीनं नेमकं बोट ठेवलं. माझ्यापाशी चार उत्तरं होती, चारही सभ्य. मी पाचवं दिलं. "कारण ते मला दिसलं नव्हतं. त्यांना दिसलं होतं."

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. तिनं मान हलवली आणि आकृतीखाली नाव घालायला बसली.

परीक्षा आटोपली, गुणपत्रकावर सह्या झाल्या. मी त्यांना म्हटलं की नव्या आवृत्तीत ते पान बदलते आणि खाली तुमच्या नावाची टीप घालते. ते म्हणाले, "नावाचं राहू द्या जी. फोटो मातर बदला, पोरं घोटाळतेत." हेवा तिथल्या तिथं विरघळला असं लिहिलं तर गोष्ट छान संपेल, पण तसं झालं नाही. गाडीला वेळ होता. ते गाजराचा तुकडा खात होते, आणि तो ते ज्या चवीनं खात होते त्याचाही मला हेवा वाटला.

निघताना पाहिलं तर ते खिडकीशी गेले होते. बेलाचं एक कोवळं, तांबूस पान उजेडासमोर धरलं होतं.

"लागले का दिवे?" मी मागून विचारलं.

"लागून राह्यले," पानावरची नजर न काढता ते म्हणाले.

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. खिडकी अरुंद होती, त्यांच्या खांद्याआडून मला काही दिसत नव्हतं. ते माझ्याकडे वळले नाहीत. नुसते जरा बाजूला सरकले, आणि मला जागा झाली.